उताण्या माणसाचा इतिहास

२०२१ सालच्या आषाढातली गोष्ट. रविवार होता, दुपारचे चार-साडेचार वाजले असतील. सौ. मुलांना घेऊन माहेरी गेली होती. बाहेर धो धो पाऊस, मागच्या पडवीच्या पत्र्यावर त्याचा ताशा वाजत होता, आणि पडवीत बाकावर उताणा पडून मी साठ किलोंचा लोखंडी दांडा छातीवरून वर ढकलत होतो. पाच वेळा गेला. सहाव्या वेळी अर्ध्यावर गेला, थांबला, थरथरला आणि सावकाश, अगदी सरकारी फायलीच्या गतीने, खाली येऊन माझ्या छातीवर बसला.

सुरुवातीला हसू आलं. मग पुन्हा ढकलून पाहिला. हलेना. तेवढ्यात फाटकाबाहेर पोदेराचा हॉर्न वाजला. एरवी त्या आवाजासरशी मी पिशवी घेऊन धावतो. त्या दिवशी हाक मारायला तोंड उघडलं आणि एक गोष्ट कळली, जी कुठल्याच पुस्तकात मी वाचली नव्हती. हाक मारायला छातीतली हवा बाहेर टाकावी लागते, आणि एकदा ती टाकली की परत घेण्यासाठी बरगड्यांना साठ किलो उचलावे लागतात. माझी हाक पत्र्याच्या आवाजात विरली. पोदेर पुढे गेला.

वजनाच्या चकत्या सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना मी लॉक घट्ट आवळले होते. दांडा तिरपा करून चकत्या पाडून टाकायची सोय माझी मीच बंद केली होती. शेवटी दांडा इंच इंच करत पोटावरून मांड्यांपर्यंत लोटला, कसाबसा उठून बसलो आणि त्याला जमिनीवर सोडला. छातीपासून ओटीपोटापर्यंत उमटलेला काळानिळा पट्टा पंधरा दिवस पुरला. घरी सांगितलं, पायरीवर घसरलो. हा लेख वाचल्यावर घरात खरं काय ते कळेल. असो.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. एखाद्या वस्तूकडून मार खाल्ला की तिचा इतिहास शोधायला बसतो. दुसरं काय येतं आम्हाला? त्या दिवसानंतर मनात एकच प्रश्न होता : डोक्यावर वजन घेऊन माणूस असा एकटा, उताणा, कधीपासून झोपायला लागला? आणि त्या आधी काय करत होता? शोधता शोधता जे हाती लागलं ते मला तरी थक्क करणारं वाटलं, म्हणून इथे मांडतो आहे.

ज्यांनी कधी जिमची पायरी चढली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. बाकावर उताणं झोपायचं, वरच्या दोन खुंट्यांवर ठेवलेला दांडा दोन्ही हातांनी उचलायचा, छातीपर्यंत खाली आणायचा आणि हात सरळ होईतो वर ढकलायचा. याचं नाव बेंच प्रेस. आजच्या पोरांना छाती म्हटली की हाच व्यायाम आठवतो. डोक्यामागे जो माणूस हात पुढे करून उभा राहतो त्याला इंग्रजीत स्पॉटर म्हणतात. आमच्याकडच्या जिममधला शब्द 'सपोर्ट'. "मात्सो सपोर्ट दी रे" असं कोणालाही सांगावं, अनोळखी माणूसही हातातलं टाकून येतो. या एका बाबतीत जिमइतकी सभ्य जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता आपल्या जुन्या व्यायामाकडे बघा. महाराष्ट्रात, बेळगाव भागात, वडोदऱ्यात ज्या तालमी आणि आखाडे होते, तिथे छाती आणि दंड कशाने कमवायचे? दंडाने, म्हणजे ज्याला आपण जोर म्हणतो त्याने. जोर म्हणजे उलटा केलेला बेंच प्रेसच. तिथे पाठ खाली आणि वजन वर, इथे छाती खाली आणि वजन म्हणजे आपलंच शरीर. स्नायू जवळपास तेच राबतात. पण शक्ती संपते त्या क्षणी काय होतं ते पाहा. जोर मारणारा थकला की जमिनीवर पोट टेकून पडतो, धापा टाकतो, हसतो. जमीन त्याला झेलते. बेंचवरचा थकला की वजन त्याच्यावर येतं. फरक एवढाच, पण तो जिवावरचा.

मुद्गल फिरवताना हात सुटला तर तो बाजूला जाऊन पडतो. कुस्तीचा हौदा तर पडण्यासाठीच तयार केलेला. तांबडी माती चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद घालायची, रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची. त्या मातीला आपण पवित्र मानतो, पाया पडतो, ते योग्यच आहे. पण तिचं रोजचं काम होतं पडणाऱ्याला सांभाळणं. शिवाय तालमीत एकट्याने काही करायचा प्रश्नच नसे. वस्ताद असायचा, जोडीदार असायचा. वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव असोत की पेशवाईच्या उतरत्या काळात मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर, या परंपरेत विद्या माणसाकडून माणसाकडे जायची, आणि शिकवणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा असायचा.

मग विलायती व्यायाम आला. युजेन सँडो नावाचा जगप्रसिद्ध बलवान १९०४-०५च्या सुमारास हिंदुस्थानात प्रयोग करून गेला. त्याच्या डंबेल्सची आणि पुस्तकांची भुरळ आधीच पडली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी पुढे सूर्यनमस्काराचा जन्मभर प्रसार केला, तेसुद्धा त्याआधी काही वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. राजेसाहेब अखेर जमिनीकडे वळले, हे मला आता फार सूचक वाटतं. पण सँडोच्या व्यायामात बेंच प्रेस नव्हताच. त्या काळात सगळ्या जगात तो नव्हता. कारण साधं होतं : बाकच नव्हता. होती ती फक्त जमीन.

इथे या कथेचा पहिला नायक येतो. जॉर्ज हॅकेनश्मिट. जन्म १८७७, आजच्या एस्टोनियातल्या तार्तू गावचा. कुस्तीत 'रशियन सिंह' म्हणून गाजलेला जगज्जेता. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस या गृहस्थाने जमिनीवर उताणं झोपून ३६१ पौंड, म्हणजे जवळजवळ १६४ किलो, वर ढकलले. हा विक्रम १९१६ पर्यंत टिकला. त्या वर्षी जो नॉर्डक्वेस्ट या अमेरिकन पहिलवानाने अवघ्या दोन पौंडांनी तो मोडला. विक्रमापेक्षा मला त्याची रीत महत्त्वाची वाटते. दांडा डोक्यामागे जमिनीवर ठेवलेला असायचा. पहिलवान उताणा झोपायचा, हात मागे नेऊन दांडा धरायचा आणि गाडीच्या चाकासारखा तो स्वतःच्या चेहऱ्यावरून घरंगळत छातीवर आणायचा. हे जमावं म्हणून हॅकेनश्मिटने मुद्दाम मोठ्या व्यासाच्या चकत्या वापरल्या होत्या. चकत्या मोठ्या, म्हणून दांडा जमिनीपासून उंच. दांडा उंच, म्हणून त्याच्याखालून नाक शाबूत निघायचं.

जरा थांबून हे गणित पाहू या. आज स्पर्धेतल्या मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो. ती जमिनीवर टेकली की दांड्याचा मध्य साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर राहतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा गळा त्याच्याहून बराच खाली असतो. म्हणजे हात पार गळून गेले, दांडा सुटला, तरी चकत्या आधी जमिनीला लागतात आणि दांडा गळ्याच्या वरच अडतो. शिवाय खाली येताना दंड, म्हणजे कोपराच्या वरचा भाग, जमिनीला टेकतो आणि तिथेच अर्धं ओझं उतरतं. हॅकेनश्मिटच्या डोक्यामागे कोणी सपोर्टला उभं असो नसो, खाली जमीन होती. जमीन थकत नाही, तिचं लक्ष मोबाईलवर नसतं आणि पावसातसुद्धा ती हजर असते.

पण माणसाला जमिनीवर समाधान कुठलं! जमिनीवरून करताना कोपरं खाली जाऊ शकत नाहीत, हालचाल अर्ध्यातच संपते. काही पहिलवान, कुस्तीगीर चीत होऊ नये म्हणून करतो तशी, अंगाची कमान करून वजन ढकलत. काही जण पोटाने दांड्याला उसळी देत. तो मार्ग ताकदीचा कमी आणि युक्तीचा जास्त होता. छातीला पुरता ताण मिळावा, कोपरं पाठीच्याही खाली जावीत, यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत माणसं खोक्यांवर, बाकांवर झोपू लागली. जमिनीपासूनची ती उंची मोठी नव्हे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बाक ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच असतो, आपल्या घरातल्या खुर्चीएवढा. पण तेवढ्या उंचीने सगळं बदललं. मघाचं गणित पुन्हा मांडा. बाक किमान ४२ सेंटीमीटर, चकतीची त्रिज्या साडेबावीस. आता दांडा गळ्यावर येऊन बसला तरी चकत्या अधांतरीच. माणूस वीतभर-दोन वीत वर चढला आणि जमीन त्याची राहिली नाही.

सुरुवातीला ही उणीव जाणवली नाही, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. त्या काळच्या बाकाला खुंट्या नव्हत्या. झोपलेल्या माणसाच्या हातात दांडा देणार कोण? दोन मित्र, दोन टोकांना. म्हणजे बेंच प्रेस जन्माला आला तो मुळात तिघांचा व्यायाम म्हणून. ज्यांनी दिला तेच परत घ्यायला उभे. पुढे कोणीतरी बाकालाच दोन खांब जोडले, त्यांवर दांडा ठेवायची सोय केली, आणि १९५०च्या आसपास असे बाक व्यायामशाळांतून रुळले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा वळणाचा क्षण हा. खांब आल्यामुळे माणसाला सुरुवात एकट्याला करता येऊ लागली. शेवट एकट्याला करता येतो का, हे कोणी विचारलं नाही. खुंटी दांडा देते, पण हात संपल्यावर तो परत घ्यायला खाली वाकत नाही. माझ्या पडवीतला बाक नेमका असाच होता : दोन खांब, दोन खुंट्या, बाकी राम भरोसे. लॉकडाऊनमध्ये बंद पडलेल्या एका जिममधून स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश होतो.

बाक आल्यावर आकडे मात्र झपाझप वाढले. कॅनडाचा डग हेपबर्न, जन्मतः एक पाय अधू, १९५३ साली स्टॉकहोमला वेटलिफ्टिंगचा जगज्जेता झाला. त्याच सुमारास बेंच प्रेसमध्ये ५०० पौंड, म्हणजे २२६ किलोंच्या वर, उचलणारा तो पहिला माणूस ठरला. खऱ्या वेटलिफ्टरांना मात्र हा प्रकार बराच काळ पटला नाही. त्यांच्या लेखी झोपून वजन उचलणं म्हणजे आरशासमोर छाती फुगवणाऱ्यांचा उद्योग. त्या नाराजीत मला एक शहाणपणही दिसतं. उभ्याने उचलणाऱ्याला वजन पेललं नाही तर तो ते पुढे टाकतो किंवा मागे सोडून स्वतः पुढे उडी मारतो. उताण्याला पळायला वाट नसते.

तरीही लोकांना जे आवडतं ते टिकतं. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिघांची मिळून पॉवरलिफ्टिंग नावाची वेगळी स्पर्धा अमेरिकेत १९६०च्या दशकात उभी राहिली, आणि १९७२ साली तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. योगायोग असा की त्याच वर्षी म्युनिकनंतर उभ्याने वजन ढकलण्याचा 'प्रेस' हा प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकला गेला. उभा माणूस मागे पडला, उताणा पुढे आला. दिव्यांगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये तर बेंच प्रेस हा एकच प्रकार आहे. २००४ साली अथेन्सला राजिंदरसिंग रहेलू यांनी त्यात भारताला कांस्य मिळवून दिलं, आणि २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीर यांनी २१२ किलो उचलून सुवर्ण. पायांचा आधार नसलेल्या माणसांनी ज्या व्यायामाचं सोनं केलं, त्याला आरशासमोरचा उद्योग म्हणून हिणवणं आता शोभणार नाही.

महासंघाच्या नियमांत दोन गोष्टी अशा आहेत की ज्या प्रत्येक जिमच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात. एक, मंचावर सपोर्टला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच माणसं असलीच पाहिजेत. जगातली सर्वांत बलवान माणसं जिथे जमतात तिथे एकालाही एकटं झोपू देत नाहीत. आणि मी, सदरा क्रमांक चाळीस, पडवीत एकटा. दोन, दांडा धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरायची एक फॅशन आहे, मनगटाला बरं वाटतं म्हणतात. इंग्रजीत तिला 'आत्महत्येची पकड' असंच नाव पडलं आहे. आपल्याकडच्या दमट हवेत, मे महिन्यात तळहात घामाने निथळत असताना तो दांडा कसा निसटेल, हे वेगळं सांगायला नको. आणि निसटला तर तो छातीवर न येता गळ्यावर किंवा तोंडावर येतो.

आता या कथेतलं सर्वांत विचित्र प्रकरण. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या यॉर्क बार्बेल कंपनीचे मालक बॉब हॉफमन यांनी एक नवा मंत्र बाजारात आणला. चार खांबांचा लोखंडी पिंजरा, त्याला भोकं, भोकांतून आडव्या सळया. सळयांखाली दांडा अडकवायचा आणि न हलणाऱ्या दांड्याला काही सेकंद सगळ्या ताकदीने रेटायचं. म्हणे याने शक्ती दुपटीने वाढते. डॉ. जॉन झिगलर यांच्या देखरेखीखाली बिल मार्च नावाच्या तरुणाची ताकद खरोखर झपाट्याने वाढली, आणि पिंजरे धडाधड खपले. पुढे उघड झालं की त्या वाढीमागे पिंजऱ्यापेक्षा डायनाबॉल नावाच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा हात मोठा होता. मंत्र बदनाम झाला, विसरला गेला. पिंजरे मात्र व्यायामशाळांतून तसेच राहिले. आणि लोकांच्या ध्यानात येत गेलं की दांडा अडवणाऱ्या या सळया खालच्या भोकांत घातल्या, त्यांच्यामध्ये बाक ठेवला, तर हात संपले तरी दांडा सळयांवर बसतो, माणसावर नाही. आज याला पॉवर रॅक म्हणतात. ज्या कामासाठी तो विकला गेला ते काम कोणी करत नाही. जे काम तो करतो ते हॅकेनश्मिटच्या काळात जमीन फुकट करत होती. माणसाने बाकावर चढताना जी जमीन सोडली, ती लोखंडाची करून पुन्हा आपल्याजवळ उचलून आणली, एवढाच या पिंजऱ्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, पिंजरा कशाला, माणूस असला म्हणजे झालं. माझंही तसंच मत होतं. पण २८ सप्टेंबर २००९ या दिवशी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला स्टॅफॉन जॉन्सन संघाच्या व्यायामशाळेत बेंच प्रेस करत होता. उत्तम खेळाडू, सुसज्ज जागा, भोवती माणसं. दांडा हातातून निसटला आणि गळ्यावर पडला. कित्येक तास शस्त्रक्रिया चालली, स्वरयंत्राचं नुकसान झालं होतं. तो वाचला, पुन्हा चालू-बोलू लागला, पुन्हा मैदानावरही उतरला, हे त्याचं बळ. पण निसटलेल्या दांड्याला गळ्यापर्यंत पोचायला जितका वेळ लागतो तितक्यात माणसाचा हात पोचत नाही. सपोर्ट देणारा हळूहळू हरणाऱ्याला वाचवतो. निसटलेल्या दांड्यासमोर लोखंडच हवं.

इतिहास वाचून झाला. आता त्यातून मी माझ्या पडवीत काय केलं ते सांगतो, कारण नुसता इतिहास छातीवर बसलेला दांडा उठवत नाही.

गावातला एक वेल्डर, जो एरवी लोकांच्या खिडक्यांना ग्रील बसवतो, त्याच्याकडून बाकाच्या दोन्ही बाजूंना ठेवायला दोन भक्कम घोड्या करून घेतल्या, पाया रुंद, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या. आधी मी त्याला चिरे रचून ठेवायचा विचार बोलून दाखवला होता. तो म्हणाला, "बाब, चिरो कोसळ्ळो जाल्यार तुज्याच आंगार." मी गप्प बसलो. उंचीचा हिशेब असा : छाती फुगवून पाठीला किंचित कमान दिली की दांडा छातीला जेमतेम टेकावा, आणि श्वास सोडून सपाट पडलं की तो घोडीवर बसावा, गळ्याला लागू नये. या दोन्हींमध्ये अंतर असतं दोन-तीन बोटांचं. त्या दोन-तीन बोटांत माणसाचा जीव राहतो. आणि घोडी घरी आली म्हणून लगेच खाली झोपू नका. आधी भरलेला दांडा थोड्या उंचीवरून तिच्यावर सोडून बघा; ती डगमगली तर ती घोडी तुमची नाही.

जिथे घोडी नाही, पिंजरा नाही, सपोर्ट नाही, तिथे लॉक लावायचे नाहीत. अडकलात तर एक बाजू खाली झुकवायची म्हणजे चकत्या घसरून पडतात. मात्र त्या क्षणी दुसरी बाजू हलकी राहत नाही. ती तितक्याच जोराने खाली आदळते आणि दांडा फिरतो. आजूबाजूला मूल, कुत्रा, आरसा काही नको. घोडी असेल तर उलट लॉक लावायचेच, कारण मग दांडा सरळ राहणं महत्त्वाचं. मी जे केलं, दांडा पोटावरून मांड्यांवर लोटणं, ते हलक्या वजनाला चालतं. वजन जास्त असेल तर आतड्यांना इजा व्हायची भीती. ती शेवटची वाट समजावी, रोजची नव्हे.

काही जिममध्ये स्मिथ मशीन असतं, ज्यात दांडा दोन उभ्या रुळांवरून सरकतो आणि मनगट फिरवलं की आकड्यात अडकतो. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या जॅक लालेन यांची, आणि १९५०च्या दशकात रूडी स्मिथ यांनी ते पुढे आणलं. एकट्याला ते बरं. पण थकलेलं मनगट वेळेवर फिरेलच असं नाही, म्हणून खालचे थांबे लावूनच झोपावं. दुसरी वाट डंबेल्सची. ते हात बाजूला करून जमिनीवर सोडता येतात, गळ्यावर आडवं काही राहत नाही. आणि तिसरी सगळ्यांत जुनी : बाकावरून उतरून सरळ जमिनीवर झोपा, हॅकेनश्मिटसारखे. फक्त चकत्या मोठ्या हव्यात. घरच्या लहान चकत्यांनी दांडा खाली येतो आणि ते साडेबावीस सेंटीमीटरचं गणित कोसळतं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट लोखंडाची नाही, मोजण्याची आहे. सहावा उचलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचवा जड गेला होता, दांडा वर जाताना मंदावला होता. शरीराने अर्ज केला होता; मी तो वाचला नाही. एकट्याने करताना अजून एक-दोन उचलता येतील असं वाटत असतानाच थांबायचं, हा नियम मी आता पाळतो. ज्या दिवशी कचेरीत डोकं तापलं असेल, झोप झाली नसेल, त्या दिवशी वजन कमी करतो किंवा सरळ जोर मारतो. चाळिशीनंतर हे मान्य करायला थोडा त्रास होतो. मान्य केलं की बरं वाटतं.

आता सौ. घरी असली तर स्वयंपाकघरातून मध्येच विचारते, "चलता मरे सारकें?" मी पडवीतून "चलता" म्हणतो. तिला वाटतं ती सहज चौकशी करते. मला ठाऊक आहे, बाकाला खांब जोडले गेले त्या दिवसापासून जो माणूस या व्यायामातून गळाला होता, तो असा परत आला आहे. आणि ती माहेरी असते तेव्हा घोड्या आपल्या जागेवर उभ्या असतात. पाऊस पत्र्यावर वाजत राहतो, पोदेर हॉर्न वाजवत येतो. मी पाचावर दांडा खुंटीला लावतो, उठतो आणि पाव घ्यायला जातो.